टा केओच्या पायऱ्यांवर

मोनीरत माझ्या आत्याचा मुलगा. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला बोंग म्हणते. तो गाईड आहे आणि मी रिक्षा चालवते. कंबोडियातल्या सियाम रीपमध्ये आम्हा दोघांना एकत्र बोलावणारी गिऱ्हाइकं बरीच, कारण तो बोलतो गोड आणि मी चालवते सांभाळून. एक गोष्ट मात्र आम्ही गिऱ्हाइकांना कधी सांगत नव्हतो. बोंग मोनीरत उंच चढत नाही.

त्याचे वडील, म्हणजे माझे आतोबा, ताडावर चढून रस काढायचे. एका सकाळी बांबूच्या शिडीवरून त्यांचा पाय निसटला. बोंग तेव्हा लहान होता, खाली बुंध्याशी रसाची नळकांडी धरून उभा होता. आतोबा त्याच्या पुढ्यातच पडले. त्यानंतर बोंग ताडावर सोडा, घराच्या पत्र्यावरही चढलेला मी पाहिला नाही. देवळांच्या उंच पायऱ्यांशी आलो की तो गिऱ्हाइकांना वर पाठवायचा, स्वतः सावलीत थांबायचा. "वर शांतता असते, तुमचे तुम्हीच बघा. माझ्या बडबडीनं मजा जाईल." बाकीचे गाईड त्याला सोडायचे नाहीत. "काय मोनीरत, आज कुठला गुडघा दुखतोय? डावा की उजवा?"

त्या दिवशी आमच्याकडे क्राचे गावाहून आलेलं जोडपं होतं. सारूं गुरुजी नुकतेच शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी चांथूमावशी बाजारात प्राहोक विकणाऱ्या. मावशींच्या हाताला त्या खारवलेल्या माशांचा वास कायमचा बसला होता आणि त्यांना त्याची लाज नव्हती. सकाळपासून दोघांची जुंपलेली.

"किती वेळ बघतेस एकेक तोंड? सगळी सारखीच आहेत," बायोन देवळाच्या दगडी चेहऱ्यांपुढे गुरुजी म्हणाले.

"सारखी नाहीत. ते तिकडचं तुमच्यासारखं आहे. कुणाचं ऐकत नाही."

मी हसले. बोंगही हसला. दुपारी नूडल्स खाऊन आम्ही टा केओला पोचलो तेव्हा पूर्वेकडे आभाळ काळं व्हायला लागलं होतं.

टा केओचं देऊळ म्हणजे नुसता दगडाचा डोंगर. नक्षी जवळजवळ नाहीच. बोंगनं खाली उभं राहून नेहमीची गोष्ट सांगितली. बांधकाम चालू असतानाच त्याच्यावर वीज पडली, तो अपशकुन धरला आणि काम तसंच सोडून दिलं, असं म्हातारे सांगतात. मावशींनी हात जोडले आणि पिशवीतून अगरबत्तीचा पुडा काढला.

"मला वर जायचंय. सगळ्यात वर."

"आभाळ बघा ना मावशी," बोंग म्हणाला. "पाऊस आला तर दगड निसरडा होतो. खालीच लावा."

"खाली लावायची असती तर क्राचेतच लावली असती." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मालिसचे दिवस भरत आलेत. माझी मुलगी. तिची आधीची दोन राहिली नाहीत. मी बोलून बसलेय, उंचावरच्या बुद्धाला अगरबत्ती लावीन म्हणून. तुम्ही चला की बरोबर."

बोंगनं माझ्याकडे पाहिलं. "माझा गुडघा..."

"राहू दे. मी बाजारात गोणी उचलते."

आणि त्या निघाल्या. पायऱ्या तिथे गुडघ्याएवढ्या उंच आणि टाच टेकणार नाही इतक्या अरुंद. मावशी हातापायांवर, मुलं चढतात तशा चढल्या आणि वरच्या मनोऱ्यात दिसेनाशा झाल्या. गुरुजी खाली दगडावर बसून पाय चोळत होते.

वारा एकदम सुटला. रस्त्यावरची पानं भोवऱ्यासारखी फिरायला लागली. पहारेकऱ्यानं शिट्टी फुंकून वरच्या चारदोन लोकांना खाली बोलावलं. ते पटापट उतरले. मावशी सगळ्यांच्या शेवटी आल्या. तोंड बाहेरच्या बाजूला करून त्या दोनतीन पायऱ्या उतरल्या, खाली पाहिलं आणि थांबल्या. मग हळूहळू वळल्या, दगडाला छाती लावली आणि तिथेच चिकटून राहिल्या. त्यांची एक चप्पल आपटत आपटत आमच्या पायाशी येऊन पडली.

"चांथू! उतर!" गुरुजी ओरडले. "काय करतेस तिथे? उतर म्हणतो ना!"

त्या हलल्या नाहीत.

"गुरुजी, ओरडू नका," बोंग म्हणाला. त्यानं हाताचा कर्णा करून खालून सांगायला सुरुवात केली, उजवा पाय खाली घ्या, भिंतीकडेच बघा. वाऱ्यात त्याचे शब्द कुठेच जात नव्हते. पहारेकरी फोनवर बोलून परत आला. दोरवाली माणसं दुसऱ्या देवळाकडे होती, यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात पहिले थेंब पडले, मोठे, आणि पिवळट दगडावर काळे डाग उमटायला लागले.

गुरुजींनी खिशातून फोन काढला. "मालिस? अगं, तुझी आई वर अडकलीय, वीज चमकतेय..."

मी त्यांच्या हातातून फोन हिसकावला. "पोटुशी आहे ना ती! काय सांगताय तिला?" पलीकडून मुलीचा आवाज येत होता, "बाबा? बाबा?" मी "आई उतरतेय," म्हणाले आणि फोन बंद केला.

मागे वळले तर बोंग बूट काढत होता.

"बोंग, तू नको. दोरवाले येतील."

"तोवर हात सुटेल त्यांचा."

त्याचा चेहरा भातासारखा पांढरा पडला होता. त्यानं गळ्यातला क्रामा, तो चौकड्यांचा पंचा, कमरेला आवळला आणि पहिल्या पायरीवर हात ठेवला.

मी त्याला चढताना बघू शकत नव्हते आणि नजरही काढू शकत नव्हते. आधी तो बरा चढला. मग मध्यावर थांबला.  आता वर एक आणि मध्ये एक, अशी दोन माणसं त्या भिंतीला चिकटलेली. वीज चमकली, लगेच आवाज आला. पहारेकरी पुटपुटला, "हा कशाला गेला? आता दोघांना काढावं लागणार."

"गप्प बसा तुम्ही," मी म्हणाले.

बोंगनं डोळे मिटले असावेत, कारण त्याची मान खाली होती. त्यानं पाऊल आडवं केलं, बोटं बाहेर, तळवा पूर्ण दगडावर. माझ्या आतोबांचं पाऊल शिडीवर तसंच पडायचं. एक हात वर, मग एक पाय. असा तो चाचपत मावशींच्या खालच्या पायरीवर पोचला.

पुढचं बोलणं मला त्यानं नंतर सांगितलं.

"मावशी, मी आलोय. तुमच्या पायाला हात लावू?"

"काडी पेटली नाही," मावशी दगडाशीच बोलत होत्या. "सगळी काडीपेटी संपवली. एकही काडी पेटली नाही. आणि ही वीज. तुम्हीच सांगितलंत ना, अपशकुन म्हणून? माझ्या मालिसचं काय होणार?"

"वाऱ्यात काडी कुणाचीच पेटत नाही."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही रोज चढता उतरता. तुम्हाला भीती माहीत नाही."

बोंग म्हणतो, तेव्हा त्याला खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "मी इथे आयुष्यात पहिल्यांदा चढलोय. माझा गुडघा ठणठणीत आहे. मला उंचीची भीती वाटते. आत्ता मला खाली कसं जायचं ते कळत नाहीये."

 मावशी मान न वळवता म्हणाल्या, "मग आलात कशाला, शहाणे?"

"तुम्ही होतात म्हणून."

"तुमचे हात कापतायत. माझ्या पोटरीला कळतंय."

"हो."

"आधी श्वास घ्या," मावशी म्हणाल्या, जसं बाजारातल्या नवख्या पोरीला सांगावं. "घ्या. सोडा. आता सांगा, कुठला पाय?"

"डावा. मी धरून ठेवतो. सोडा खाली."

आम्हाला खालून एवढंच दिसलं की मावशींचा डावा पाय हलला आणि बोंगनं तो घोट्याशी धरून पायरीवर टेकवला. मग उजवा. मग तो स्वतः एक पायरी खाली. पाऊस आता धो धो कोसळत होता, पायऱ्यांवरून पाण्याचे लोट येत होते, बोंगच्या तोंडावर, डोळ्यात. एकदा मावशींची टाच निसटली आणि त्या त्याच्या खांद्यावर आदळल्या. गुरुजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर तिथे काळंनिळं होतं. बोंगनं दोन्ही हातांनी पायरीची कड धरली आणि त्यांचं सगळं वजन खांद्यावर तोललं, पुन्हा पाय सापडेपर्यंत.

त्याच वेळी देवळाभोवतीच्या खंदकापलीकडच्या झाडावर वीज पडली. पांढरा उजेड झाला आणि कान बंद झाले. मी डोळे उघडले तेव्हा ती दोघं तशीच होती, जागच्या जागी. नंतर बोंगचा पाय खाली आला.

शेवटच्या पायऱ्यांवर गुरुजी धावले आणि बायकोला कमरेत धरून उतरवलं. म्हातारा भर पावसात रडत होता आणि ओरडतही होता. "काय गरज होती? काय गरज होती तुला?"

"ओरडा हवं तेवढं," मावशी म्हणाल्या, "पण हात सोडू नका."

बोंग रिक्षामागे जाऊन ओकला. मी त्याची पाठ चोळली. तो नुसते तळवे पावसात धरून उभा राहिला. ते सोलवटले होते.

रिक्षाचे पडदे सोडून आम्ही आत बसलो तेव्हा मावशींनी फोन मागितला. मालिसनं पहिल्या घंटेलाच उचलला.

"उतरले मी. नाही, लागलं नाही. ऐक, अगरबत्ती लागली नाही. वारा होता." पलीकडे ती काहीतरी म्हणाली.  "मी पण घाबरले होते. एक माणूस माझ्याहून जास्त घाबरलेला होता, त्यानं उतरवलं. तुझ्या वेळेला मी येते क्राचेहून. पाय धरून बसते तुझे. काही नाही लागत दुसरं."

गुरुजींनी आपला सदरा पिळून त्यांचे केस पुसले. मावशींनी पुसू दिले.

त्या महिन्याच्या शेवटी बोंगला गुरुजींचा फोन आला. मालिसला मुलगी झाली होती, अशक्त पण जिवंत. काचेच्या पेटीत ठेवली होती, मावशी तिथून हलत नव्हत्या. बोंगनं ते ऐकलं आणि फोन मला दिला.

तो काही त्यानंतर चढायला लागला नाही. फक्त गुडघा दुखायचा थांबला. आता पायऱ्यांशी आलो की तो सरळ सांगतो, "मला वर भीती वाटते, मी खाली थांबतो." बहुतेक लोक हसतात. काही थांबतात त्याच्याजवळ.