पाच ओल्या चादरी

मंगळवार हा कोल्डवॉटर खोऱ्यात डेल्फाचा धुण्याचा दिवस. स्वतःचं धुणं, आईचं, धाकट्या बहिणीचं, शिवाय वरच्या अंगाला राहणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचं, अशी सगळी गाठोडी गाडीत कोंबून ती सकाळी नऊला डोंगर उतरायची आणि गावातल्या, नाणी टाकून मशीन चालवायच्या लॉन्ड्रीत जाऊन बसायची. "पोरगी आहे खरी सेवाभावी," असं चर्चमधल्या बायका कौतुकानं म्हणायच्या. डेल्फा मान खाली घालून ते कौतुक ऐकायची आणि लगेच विषय बदलायची.

कारण त्या लॉन्ड्रीत इंटरनेट फुकट मिळे. मशीन अडतीस मिनिटं फिरे आणि तेवढ्यात कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगचं एक व्याख्यान पुरं होई. कोपऱ्यातल्या ड्रायरच्या आड लॅपटॉप मांडीवर घेऊन, कानात हेडफोन घालून, डेल्फा गेले आठ महिने चोरून शिकत होती. तो लॅपटॉप नवऱ्यानं आणून दिलेला. नवरा ओहायो नदीवरच्या मालवाहू बोटीवर कामाला. महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. "शीक तू," एवढंच तो म्हणाला होता, "फक्त तुझ्या बाबांना कळू देऊ नकोस."

बाबा म्हणजे बंधू हार्लन, खोऱ्याच्या माथ्यावरच्या छोट्या चर्चचे धर्मोपदेशक. त्या चर्चची चाळीस घरं डॉक्टरकडे जात नसत. आजारी माणसाच्या कपाळाला तेल लावायचं, डोक्यावर हात ठेवायचे आणि प्रार्थना करायची. त्याहून कडक एक रीत होती: आजाराचं नाव घ्यायचं नाही. जो नाव घेईल तो त्या आजाराला शरीरात जागा करून देईल. मूल तापानं फणफणलं तरी आई शेजारणीला एवढंच सांगे, "त्याची परीक्षा चाललीय." चर्चमागच्या टेकडीवर लहान मुलांच्या थडग्यांचे अकरा छोटे दगड होते, प्रत्येकावर एक कोकरू कोरलेलं. अकरावा दगड डेल्फाच्या लेकीचा, आयव्हीचा. आयव्हीची परीक्षा चार दिवस चालली होती. चौदा महिन्यांची होती ती.

त्या मंगळवारी कॉलेजात शिकवणाऱ्या हॅचरबाईंचं व्याख्यान साखरेवर होतं. लहान मुलांतला मधुमेह. "पोर एकाएकी फार पाणी पिऊ लागतं," हॅचरबाई खणखणीत आवाजात सांगत होत्या, "फार लघवी करतं. अंथरूण कोरडं ठेवणारं पोर पुन्हा ओलं करू लागतं. खाऊनपिऊन वाळत जातं. तिथंच ओळखलंत तर पोर आपलं. श्वासाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास आला, श्वास खोल नि भरभर चालू लागला, तर तास मोजा, दिवस नाही."

मशीन थांबलं. डेल्फानं बहिणीच्या चादरी बाहेर काढल्या. एक. दोन. आठवड्याला एक चादर असायची. तीन. सगळ्या छोट्या, गलबतांच्या चित्रांच्या नाहीतर जुन्या विटक्या, बहिणीच्या मुलाच्या, सायलसच्या पलंगाच्या. चार. पाच.

पाचवी चादर हातात धरून ती तशीच उभी राहिली. ओल्या कपड्याचा गारठा बोटांतून वर चढत छातीपर्यंत आला.

परतताना ती थेट लोरेनाकडे गेली. बहीण ओट्यापाशी कांदा चिरत होती, शेगडीवर घेवडा रटरटत होता.

"लोरे, चादरी पाच कशा गं?"

"मोजत बसतेस की काय तू?" लोरेना हसली, पण तिचे कान लाल झाले. मग हळूच म्हणाली, "सात वर्षांचा घोडा झालाय नि अंथरूण ओलं करतोय. वेस्ली म्हणतो, तूच लाडावून ठेवलायस. आईला सांगू नकोस हं."

तेवढ्यात सायलस धावत आला. त्यानं पाण्याचा मोठा जग दोन्ही हातांनी उचलला. "मावशी, बघ हं, एका दमात!" आणि खरंच त्यानं तो रिकामा केला, तोंड पुसलं आणि परत भरायला नळ सोडला. त्याच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं होती. त्यातल्या शेवटच्या भोकातही पँट ढिली होती.

"लोरे, मला वाटतं त्याला..."

लोरेनाचा तळवा तिच्या तोंडावर आला. त्या हाताला कांद्याचा वास होता. "नाव घेऊ नकोस. माझ्या घरात नाही, डेल्फा. पाया पडते. आयव्हीच्या वेळी घेतलं होतंस का तू?"

"नाही," डेल्फा तळव्याआडून म्हणाली. "नव्हतं घेतलं."

लोरेनानं हात काढला आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला.

डेल्फा घरी आली. बाबांशी बोलावं, असं तिनं किती वेळा मनात घोळवलं! पण दोन वर्षांपूर्वी एका बाईनं मुलाच्या कानदुखीला दुकानातली गोळी दिली होती, ते तिला आठवे. त्या बाईला कुणी शिवी दिली नाही की हात लावला नाही. फक्त त्या दिवसापासून तिच्या हातचं कुणी खाल्लं नाही, तिच्याशी कुणी बोललं नाही. तिनं शेजारी धाडलेलं गोडाचं ताटसुद्धा तसंच भरलेलं तिच्या पायरीवर परत आलं. शेवटी ते कुटुंब खोरं सोडून गेलं. डेल्फाला आईवडील इथंच, बहीण इथंच, आयव्ही इथंच टेकडीवर. ती कुठं जाणार?

गुरुवारी तिनं वाचनालयासमोर गाडीत बसून धड्याची परीक्षा दिली. नववा प्रश्न असा होता: सात वर्षांचा मुलगा, तहान, वजनात घट, अंथरूण ओलं करणं. परिचारिकेनं सर्वप्रथम काय करावं? डेल्फानं बरोबर पर्यायावर बोट ठेवलं. पडद्यावर लगेच निकाल उमटला: पैकीच्या पैकी गुण. खाली हॅचरबाईंची ओळ होती, "शाब्बास, डेल्फा. तू उत्तम परिचारिका होशील." तिनं लॅपटॉप मिटला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती रडली.

रविवार उजाडला. बंधू हार्लन व्यासपीठावर उभे राहिले. त्यांचं प्रवचन साध्या बोलण्यानं सुरू होई आणि बघता बघता सुरात शिरे. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंग आटोपून उत्तररंगात उतरतो आणि सगळं देऊळ त्याच्या मागोमाग वाहू लागतं, तसंच. एकेक ओळ श्वासाच्या हिसड्यासरशी संपे, "हो, प्रभू!" अशी माणसं साथ देत, बाकं डोलत. मी ते प्रवचन ऐकलेलं आहे. त्या सुरात देव असतो, यात मला तिळमात्र शंका नाही. डेल्फालाही नव्हती. लहानपणापासून तो सूर तिची अंगाई होता. आयव्हीच्या उशाशीही बाबा असेच गायले होते, आणि तो सूर इतका गोड लागला होता की त्यात तिची स्वतःची हाक विरघळून गेली होती.

सायलसला त्याच्या बापानं, वेस्लीनं, उचलून आणलं आणि पुढच्या बाकावर निजवलं. त्याचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे. डेल्फाची आई तेलाची बाटली घेऊन उठली. डेल्फा मागोमाग गेली, त्याच्यावर वाकली, आणि तिला तो वास आला. परसात गळून पडलेल्या, माशा बसलेल्या सफरचंदांचा.

तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. पोराची छाती वरखाली होत होती, खोल, भरभर, जणू तो झोपेत डोंगर चढत होता. मिनिटाला बेचाळीस. बाबांचा सूर वर चढत होता. आता बसावं, डोळे मिटावेत, "हो, प्रभू" म्हणावं. किती सोपं होतं ते!

"याला डायबेटिस झालाय!"

सूर मध्येच तुटला. इतकी शांतता झाली की पोराचा श्वास शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ लागला.

"खाली बस, डेल्फा," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. भीती होती. आजवर तिनं बाबांच्या आवाजात भीती ऐकलीच नव्हती.

"बाबा, डायबेटिस. त्याचं नाव डायबेटिस. मी शिकलेय. चोरून शिकलेय, मोठं पाप केलं असेन, पण त्याला आज औषध मिळालं नाही तर तो संध्याकाळ बघणार नाही. नाव घेतल्यानं आजार आला नाही, बाबा. तो आधीच आलाय. आपण सगळे नुसते तोंड मिटून त्याला बघत बसलोय."

"बाहेर हो!" वेस्ली ओरडला. "माझ्या पोराच्या अंगात रोग घालतेस?"

लोरेना उठली. सगळ्यांना वाटलं, ती बहिणीला थोबाडीत देणार. पण ती सायलसपाशी गेली, वाकली, त्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि एक श्वास घेतला. मग तिनं पोराला खांद्यावर टाकलं.

"गाडी तूच चालव," ती डेल्फाला म्हणाली. "माझे हात कापतायत."

इस्पितळ पन्नास मिनिटांवर होतं. घाटातल्या प्रत्येक वळणाला लोरेना मागून विचारत होती, "श्वास घेतोय ना गं? घेतोय ना?" आणि डेल्फा, आरशातून मागं बघत, त्याचे श्वास मोठ्यानं मोजत होती. आकडे थांबू नयेत एवढंच तिला कळत होतं.

पोर वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडून, आपल्याला मळमळतंय ते गाडीमुळं का, असं विचारलं, आणि लोरेना हसता हसता रडली. पण त्याआधी, रविवारीच, एक पोक्त परिचारिका कागद घेऊन डेल्फापुढं बसली होती. "लक्षणं कधीपासून आहेत?" तिनं विचारलं. मग पेन थांबवून, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी," डेल्फा म्हणाली.

परिचारिकेनं ते लिहून घेतलं. मग पुढच्या रकान्यावर पेन ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी डेल्फाच्या गाडीत एकच गाठोडं होतं. म्हाताऱ्यांनी दारं उघडली नव्हती. लॉन्ड्रीत ती लपून बसली नाही. खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि हेडफोन घातले. थोड्या वेळानं समोरची खुर्ची सरकली.

तिची आई होती. हातात दोन टॉवेलांचं गाठोडं. आईच्या घरी दोन वर्षांपासून मशीन होतं, तरी गेले आठ महिने दर मंगळवारी ती गाठोडं डेल्फाकडे द्यायची. लेकीला गावात यायला निमित्त मिळावं म्हणून, हे डेल्फाला आत्ता उमगलं.

"बाबांना ठाऊक आहे तू आलीस ते?"

"त्यांना वाटतंय मी अंडी घ्यायला गेलेय." आईनं टॉवेल मांडीवर सारखे केले. "तुझ्या आधी एक मुलगा होता मला. पहिला दगड त्याचा. तुला माहीतच आहे."

"हो, आई."

"त्याला ताप होता. उजेड सहन होईना. मान पुढं वाकेना त्याची, उचलायला गेलं की किंचाळायचा. अंगावर बारीक जांभळे ठिपके उठले होते." आईनं टॉवेलची कड पुन्हा दुमडली. "एकेचाळीस वर्षं मी ते डोळ्यांपुढं घेऊन झोपते. त्याला काय झालं होतं?"

डेल्फाला उत्तर ठाऊक होतं. सहाव्या आठवड्याचा धडा. नाव घेतलं तर त्यामागून दुसरा प्रश्न येणार होता, वेळेवर नेलं असतं तर काय झालं असतं हा, आणि त्याचं उत्तरही तिला ठाऊक होतं.

"सांग," आई म्हणाली. "मी अजून जिवंत आहे तोवर सांग."

डेल्फानं आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या त्या आजाराचं नाव सांगितलं. आईनं ते स्वतःशीच पुन्हा म्हटलं, एकदा, दोनदा, चुकत, अडखळत, पाळण्यातल्या बाळाला नाव ठेवताना कानात म्हणतात तशा आवाजात.

मग ती घरी जायला निघाली नाही. तिनं आपली खुर्ची लेकीच्या शेजारी ओढली. "ती बाई काय शिकवते ते मलाही ऐकू दे," ती म्हणाली. "अजून नऊ दगड आहेत. त्यांच्या आया येतील तुझ्याकडे. आज नाही आल्या तरी येतील."

वाचकहो, त्या टेकडीवर बारावा दगड लागला नाही. माझा देवावर विश्वास आहे, आणि त्या सुरेल प्रवचनांवर माझा जीव आहे. म्हणूनच विचारतो: आपल्या घरात, आपल्या आळीत, आपण देवाच्या नावाखाली तोंड मिटून कुणाकुणाची परीक्षा बघत बसलो आहोत? आणि आपल्याला ते कधी कळलं?