मोठ्या आकड्यांचं घड्याळ

सीतारामने भिंतीवरची टेलिफोनची डबी उघडली आणि आत मुंग्यांनी साठवलेली माती भुरभुर खाली पडली. कलावतीबाईंनी लगेच वर्तमानपत्र पुढे सरकवलं.

"बगा, ही माती. ओल धरते, मंग लाईन कुरकुर करते," सीताराम म्हणाला. त्याने तांब्याच्या दोन तारांची टोकं नव्याने सोलली, स्क्रूखाली आवळली आणि हातातलं मशीन लावून पाहिलं. "आता चकाचक."

"चकाचक म्हणजे किती?"

सीतारामला हसू आलं. ठाकुर्लीच्या टेलिफोनच्या खांबांवर चढउतर करण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. लोक फार तर 'झालं का?' एवढंच विचारत. किती, असं विचारणाऱ्या या बाई पहिल्याच.

बाईंनी वही पुढे धरली. एकतीस वर्षं गणित शिकवलेलं माणूस, वही असणारच. दीड महिन्यातला दर दिवसाचा इंटरनेटचा वेग तिच्यात तारीखवार टिपलेला होता. खाली येणारा वेग कधी सात, कधी आठ. वर जाणारा शून्य पूर्णांक एक, रोज तोच.

"खाली येतं त्याच्याशी मला काही घेणंदेणं नाही, सीताराम. मी सिनेमे बघत नाही. माझं वर गेलं पाहिजे. आज अकराच्या आत गेलं पाहिजे."

अकरा वाजता खडवलीच्या शाळेत दहावीची बावीस मुलं भिंतीवरच्या पडद्यासमोर बसणार होती. गणिताचे सर जूनमध्येच बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. तेव्हा बाईंची जुनी विद्यार्थिनी आणि आता तिथेच मराठी शिकवणारी प्राची हिने फोन केला होता. बाई, भूमिती तेवढी तुम्ही घ्याल का? बाईंचे गुडघे खडवलीपर्यंत जायला तयार नव्हते, म्हणून दर शनिवारी त्यांचा चेहरा आणि फळा जाऊ लागला. दिवाळीपर्यंत छान चाललं. त्यानंतर मात्र पडद्यावरच्या बाई मध्येच गोठू लागल्या. हात वर, तोंड उघडं, वर्तुळ अर्धं. पोरं हसायची. मग त्यांनी हसायचंही सोडलं, ते बाईंना जास्त लागलं.

काल प्राचीने स्पष्टच सांगितलं होतं. "बाई, मुख्याध्यापक म्हणतात, उद्याचा तास धड झाला तर ठीक, नाहीतर पुढच्या शनिवारपासून तयार व्हिडिओ लावू. आता व्हिडिओला पोरं शंका कशी विचारणार, सांगा."

बिल्डिंग पाडायची की नाही यावर सोसायटीत चार वर्षं काथ्याकूट चालला होता, त्यामुळे फायबरवाले इथे तार टाकायला तयार नव्हते. मुलगा सर्वेश घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर राहायचा, आणि त्याची नोकरीही याच नेटवर्कच्या क्षेत्रातली. बाईंचा राउटर त्यानेच आणून बसवला होता. वर्ग अडकतोय म्हटल्यावर तो समजुतीने म्हणाला होता, "आई, तुझी ती तांब्याची लाईन म्हातारी झालीय गं. तिचं काही होणार नाही. तू इकडे राहायला ये. आमच्याकडे फायबर आहे, रोज वर्ग घे."

त्याच्या बोलण्यात खोट काढावी असं बाईंना कधी वाटलंच नाही. मुळात असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं त्या शेजारच्या आवडाबाईंना उठताबसता सांगायच्या. "तिथे बसून त्याला माझं सगळं कळतं हो. जेवायला उशीर झाला की फोन येतो, आई, दीड वाजला, अजून जेवली नाहीस. परवा गुडघा आपटला, कोणाला सांगितलं नव्हतं, तर संध्याकाळी म्हणतो, तेल लावलंस का?" आणि एक गोष्ट मात्र त्यांनी आवडाबाईंनाही सांगितली नव्हती. डिसेंबरात एकदा यजमानांच्या फोटोसमोर बसून त्यांना अचानक रडू कोसळलं होतं. दहा मिनिटांत सर्वेशचा फोन. "सहज केला गं. तुझी आठवण आली." ते 'सहज' बाईंनी दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं.

सीतारामने राउटर थेट डबीला जोडला, लॅपटॉपला वायर लावली, राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन घरातलं वायफाय बंद केलं आणि वेग मोजला.

"वर जायाला पॉइंट नऊ. लिवा वहीत."

बाईंनी चष्मा सरळ केला. "नऊपट?"

"तुमची लाईन कंदीच म्हातारी नव्हती, बाई. आमच्या हातची जोडणी हाय ती." त्याने वायफाय पुन्हा सुरू केलं. मिनिटभरात आकडा घसरला आणि पुन्हा शून्य पूर्णांक एकवर येऊन बसला. सीतारामच्या कपाळाला आठी पडली. "म्हंजे घरातूनच कोनतरी सारखं वर ढकलतंय. तांब्याच्या लाईनला वर जायाची वाट मुळातच बारीक. एक जन तिथं आडवा बसला की दुसऱ्याला जागा नाय. तुमचा मोबाईल बंद करा."

बाईंनी बंद केला. आकडा हलला नाही.

"आता वायफायवर काय-काय चालतं तुमचं?"

"मोबाईल आणि हा लॅपटॉप. दोनच."

सीताराम पडद्याकडे वाकला. "इथं तीन दिसतात, तुमचा बंद मोबाईल धरून."

"मग एक चुकीचं दिसत असेल."

यादीतलं तिसरं नाव त्याने ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं आणि मग मान वर करून खोलीवर नजर फिरवली. टीव्ही जुना, डब्यासारखा. फ्रीज त्याहून जुना. त्याची नजर कपाटावर जाऊन थांबली. तिथे मोठ्या लाल आकड्यांचं घड्याळ होतं. दहा वाजून छत्तीस मिनिटं. दिवाळीत सर्वेशने दिलेलं. आईला चष्म्याशिवाय वेळ दिसावी म्हणून त्याने ते स्वतः कपाटावर ठेवलं होतं, दोनदा लांब जाऊन पाहिलं होतं, जरासं स्वयंपाकघराकडे वळवलं होतं. जाताना बजावलं होतं, "पिन काढू नकोस हं कधी, वेळ पुसली जाते." बाई धूळसुद्धा त्याच्या कडेकडेने पुसायच्या.

सीताराम उठून घड्याळासमोर गेला, आकड्यांच्या मधे डोकावला आणि त्याच्याकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाला, "बाई, जरा आतल्या खोलीत येता?"

आत गेल्यावरही त्याने आवाज खालीच ठेवला. "त्या घड्याळात क्यामेरा हाय. आकड्यांच्या मधी, ते दोन ठिपके हायत ना, त्याच्या खाली भोक हाय बारीक. दिवसरात्र चित्र वर पाठवतंय."

"घड्याळ माझ्या मुलाने दिलंय," बाई म्हणाल्या.

सीतारामने हातातला पेचकस खिशात घातला.

बाईंना आधी काहीच वाटलं नाही. मग त्यांना आठवलं की कपड्यांचं कपाट बाहेरच्याच खोलीत आहे आणि आंघोळीनंतर साडी त्या तिथेच नेसतात. त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला. त्यांनी तो दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, समोर सीताराम होता आणि त्याच्यापासून लपवण्यासारखं काहीच नव्हतं तरी. मग गुडघा आठवला. दीड वाजताची जेवणं आठवली. सगळ्यात शेवटी ते 'सहज' आठवलं आणि त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. पोटच्या पोराने आपल्याला फसवलं होतं, आणि आपण ती फसवणूक माया म्हणून शेजारीपाजारी मिरवली होती. वर लाईनला नावं ठेवून तो गप्प बसला होता. याच कामातला माणूस, वर्ग कशाने अडकतोय हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं?

"काळजीपोटी लावला आसंल, बाई," सीताराम म्हणाला. "पोरं लांब ऱ्हातात."

"मग सांगायचं होतं. मी नाही म्हटलं असतं का?" आपण नकारच दिला असता, हे त्यांना माहीत होतं. त्यालाही ते माहीत असणार.

दहा पन्नासला त्या बाहेर आल्या. घड्याळाकडे न पाहता कपाटामागे हात घातला आणि पिन ओढली. लाल आकडे विझले.

"आता मोजा," त्या म्हणाल्या.

"पॉइंट नऊ."

तो आकडाही त्यांनी वहीत लिहिला. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं.

अकराला पडदा उजळला. स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत का स्पर्श करते, हे बाई सांगत होत्या. खडू फळ्यावर फिरत होता आणि तिकडे खडवलीत तो फिरतानाच दिसत होता. मागच्या बाकावरून कुंडलिक नावाच्या मुलाने शंका विचारली, बाईंनी त्यालाच उलट प्रश्न केला, तो चुकला, वर्ग हसला आणि यावेळी बाईही हसल्या. टेबलावरचा मोबाईल त्यांनी प्राचीच्या फोनसाठी पुन्हा चालू केला होता. तो सारखा थरथरत होता. सर्वेश. पुन्हा सर्वेश. बाईंनी तो पालथा घातला आणि त्रिज्या काढायला घेतली.

तास संपल्यावर प्राचीचा चेहरा कॅमेऱ्याजवळ आला. "बाई, मुख्याध्यापक मागे उभे राहून बघत होते. मार्चपर्यंत तुम्हीच! पण झालं काय, एवढा फरक?"

"एक गोष्ट जास्तीची जोडलेली होती," बाई म्हणाल्या. "काढून टाकली."

सीताराम केव्हाच निघून गेला होता. मुंग्यांची माती वर्तमानपत्रात नीट गुंडाळून त्याने दाराशी ठेवली होती. बाई ती उचलायला वाकल्या तोच मोबाईल पुन्हा थरथरला. सव्वाबारा झाले असावेत. नक्की किती ते आता कपाटावर दिसत नव्हतं.

"आई! अगं किती फोन केले! बरी आहेस ना?"

"बरी आहे. वर्ग होता, शनिवार ना."

"हो, हो. मी विसरलेलो." मग त्याने विचारलं, "लाईट गेलेत का तिकडे?"

"नाही रे. पंखा चालू आहे."

"अच्छा."

बाई पुढे काही बोलल्या नाहीत. फळ्यापाशी चुकलेलं पोर आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगेल म्हणून त्या वर्गात अशाच उभ्या राहायच्या, आणि बहुतेक पोरं सांगायची. पलीकडे सर्वेशचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या लहानपणी ताप आला की अशाच रात्ररात्र त्या तो ऐकत बसायच्या. त्यांनी वाट पाहिली. त्याने एकदा घसा खाकरला, तेव्हा त्यांना वाटलं, आता बोलेल.

"बाकी काही नाही ना?" त्याने विचारलं.

"बाकी काय असणार?"

मग दिवाळीनंतर पहिल्यांदाच, काहीच ठाऊक नसलेल्या माणसासारखं त्याने विचारलं,

"जेवलीस का गं?"

बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओट्यावर तांदूळ निवडायचे राहिले होते, कुकर कोरडा पडला होता.

"हो," त्या म्हणाल्या, "जेवले."