सतरा सालची रीसलिंग

मी दारूला शिवत नाही, हे पुण्यातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे, कारण गेली तीस वर्षं मीच ते त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. फोनवर कुणी चेष्टेत विचारलं, "काय हरीश, जर्मनीत राहून बिअर नाही?" की मी तयारच. थेंब नाही, म्हणायचो. कंपनीच्या पार्टीतसुद्धा अ‍ॅपल ज्यूस. पलीकडून थोरला भाऊ आत्मारामदादा कौतुकानं हुंकार भरायचा आणि माझी कॉलर ताठ व्हायची. नाकानं कांदे सोलणं म्हणतात, ते मी स्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगेनमध्ये बसून केलं.

माझी बायको कुंदा मात्र वाइन घ्यायची. रोज नाही, फार नाही. स्टुटगार्टच्या पलीकडे द्राक्षांच्या टेकड्या आहेत, तिथं आल्ब्रेख्ट आणि गेरलिंड या नवराबायकोची छोटी वायनरी आहे. वायनरी म्हणजे घर, घराखाली तळघर आणि मागं उतारावरचा मळा, बस्स. वर्षातले काही आठवडे ते घराचीच खानावळ करतात. खानावळ उघडी असली की दारावर झाडू टांगायचा, बंद झाली की काढायचा, अशी तिथली पद्धत. पहिल्यांदा गेलो तेव्हा कुंदानं तो झाडू पाहिला आणि हात लावून नमस्कार केला.

"अगं, दारूच्या गुत्त्याला काय नमस्कार करतेस?" मी म्हणालो.

"अहो, केरसुणी लक्ष्मी असते. ती काय गुत्ता बघून बसते?"

गेरलिंडला ते इतकं आवडलं, की दोघींची मैत्रीच झाली. पुढं दर ऑक्टोबरला कुंदा तिच्याकडे द्राक्षं तोडायला जायची. मी गाडीनं सोडायचो आणि संध्याकाळी आणायला जायचो. ती चिकट हातांनी, लाल नाकानं गाडीत बसायची आणि वाटभर बोलायची. इथल्या थंडीत द्राक्ष सावकाश पिकतं, म्हणून त्याचा आंबटपणा टिकतो, असं आल्ब्रेख्टनं तिला समजावलं होतं. रीसलिंगची, म्हणजे तिथल्या पांढऱ्या वाइनची, चव तिनं मला एकदा सांगितली होती. "आवळ्यासारखी आहे हो. आधी आंबट, आणि घोट गेल्यावर मागाहून तोंड गोड होतं." मी म्हणालो, मग आवळाच खा की.

सतरा सालच्या एप्रिलमध्ये थंडी उलटली आणि मळ्यातले कोवळे कोंब करपून गेले. ऑक्टोबरला जेमतेम वरच्या चार ओळींना द्राक्षं होती. ती तोडायला घरची माणसं पुरेशी होती; बाहेरची अशी एकटी कुंदाच. त्या साली रीसलिंगच्या मोजक्याच बाटल्या निघाल्या आणि गेरलिंडनं त्यातल्या दोन तिला दिल्या. एक त्या दोघींनी तिथंच संपवली. दुसरीचं काय झालं हे मी विचारलं नाही. मला काय करायचं होतं!

एकवीसच्या नोव्हेंबरात कुंदा गेली. आजार सहा महिन्यांचा. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही, मला जमत नाही.

वर्षश्राद्धाला दादा आणि स्नेहलतावहिनी पुण्याहून आले. आमची मुलगी ऋचा हॅनोव्हरला शिकत होती, तीही आली. गुरुजी पुण्यातून व्हिडिओवर. सकाळी मी स्वयंपाकघरात होतो, तेवढ्यात वहिनी वाती शोधायला देवघराच्या खालचा खण उघडून बसल्या आणि आतून बाटली घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. आडवी ठेवलेली होती, कुंदाच्या जुन्या सुती ओढणीत गुंडाळून. आमच्या तळघरातून हीटिंगचे पाइप जातात. घरातली सगळ्यात थंड, अंधारी जागा म्हणजे उत्तरेच्या भिंतीचा तो खण. कुंदानं बरोबर हेरली होती.

"भाऊजी, ही काय हो?" वहिनींनी विचारलं. आवाजात राग नव्हता, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त माझी तीस वर्षांची कॉलर दिसली.

"कुणीतरी दिली असेल गिफ्ट. आमच्याकडे कोण घेतंय?" मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. बाटली त्यांच्या हातातून घेतली, उघडली आणि त्यांच्यादेखत सिंकमध्ये ओतली. मधाचा वास आला, त्यात थोडा रॉकेलचा; जुन्या रीसलिंगला तो येतोच म्हणे. वहिनी वाती घेऊन गेल्या. मी वर गरम पाणी सोडलं, बाटली दोनदा विसळली. कंपनीत गिअरबॉक्सची चाचणी घेतो तितक्या काळजीनं मी ते काम केलं.

मागं ऋचा उभी होती. तिनं ओट्यावरची बाटली फिरवली. मागच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली होती. तिचं मराठी वाचन कुंदानं शिकवलेलं, तेवढंच. तिनं अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं, "ऋचाच्या लग्नाला. तोवर घाई नको."

मग जर्मनमध्ये म्हणाली, "ही आईची होती, बाबा."

पिंडाची वेळ झाली होती, गुरुजी स्क्रीनवरून "यजमान, यजमान" करत होते. मी जाऊन बसलो. ऋचा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेली. त्यानंतर आमचे फोन व्हायचे, पण हवामानाचे. तुझ्याकडे बर्फ आहे का. हो. माझ्याकडे पण.

यंदा मार्चमध्ये तिचा तीन ओळींचा ईमेल आला. मे महिन्यात हॅनोव्हरला श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी पद्धतीनं, लग्न आहे. मुलाचं नाव वेदांग, तिथंच पीएचडी करतो. यावं. ते 'यावं' मी बराच वेळ पाहत बसलो. मग गाडी काढली आणि टेकडीवर गेलो. सतरा सालची एक बाटली मिळवायची, तिच्यापुढं ठेवायची आणि माफी मागायची, एवढंच डोक्यात होतं.

दारावर झाडू होता. मी इकडंतिकडं पाहिलं आणि त्याला हात लावून कपाळाला लावला. गेरलिंडनं खिडकीतून पाहिलं असणार, कारण दार उघडताना तिचे डोळे भरलेले होते.

"सतरा?" ती म्हणाली. "हरीश, आमच्या साठ्यातली शेवटची होती, ती जानेवारीत ऋचा घेऊन गेली. तुला नाही सांगितलं तिनं?"

आधी वाईट वाटलं, आणि लगेच बरंही. बाटली तिच्याकडेच होती. म्हणजे लग्नात उघडणार. आणि मग मला सुचलं, की माफी मागायची याहून चांगली जागा कुठली? त्या दिवशी दादा-वहिनी असतील, सगळे असतील. सगळ्यांसमोर मी तो ग्लास उचलायचा आणि ही कुंदाची आहे, असं म्हणायचं. श्राद्धाच्या दिवशी जे म्हणालो नाही, तेच.

गेरलिंडनं नव्या सालची रीसलिंग ओतून पुढं केली. मी नको म्हणालो. "पहिला घोट त्या सतरा सालचाच घेईन."

ऋचाला मी आधी काही कळवलं नाही. तिला अचानक कळावं, तिनं माझ्याकडे पाहावं, असं मला वाटत होतं. साठीला आलेला माणूस, पण नाटकाची हौस!

लग्न अर्ध्या तासात आटोपलं. नंतर एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये जेवण, आम्ही मोजून तेरा माणसं. ऋचानं कुंदाची हिरवी साडी नेसली होती. तिनं बाजूच्या टेबलावर स्वतः बाटली उघडली, छोट्या ग्लासांत थोडी थोडी ओतली आणि एकेकाच्या पुढं ठेवत गेली. माझ्यापुढंही ग्लास आला. फिकट पिवळा.

"ही आईनं तोडलेल्या द्राक्षांची आहे," ऋचा मराठीत म्हणाली. तिच्या तोंडून मी किती दिवसांनी मराठी ऐकत होतो! सगळ्यांनी ग्लास भिडवले, ओठाला लावले. वहिनींनीसुद्धा. मग मी उठलो.

"मला काही सांगायचंय," मी म्हणालो. "अशी अजून एक बाटली होती. कुंदानं ऋचाच्या लग्नासाठी देवघराखाली जपून ठेवली होती. श्राद्धाच्या दिवशी मी ती ओतून दिली, कारण दादा-वहिनींसमोर मला चांगलं दिसायचं होतं. माझ्या बायकोची वस्तू मी माझी नाही म्हणालो. आज मी ही घेतो. ही कुंदाची आहे."

आणि ग्लास तोंडाला लावला.

आंबट काही लागलं नाही. नुसतं गोड. द्राक्षाचा रस होता.

मी ऋचाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, मला वाटलं तू घेणार नाहीस," ती म्हणाली. "म्हणून तुझ्यासाठी गेरलिंडकडचाच रस आणला. त्याच मळ्यातला." तिनं धावत जाऊन बाटली उचलली, माझ्या ग्लासावर उलटी धरली. काही आलं नाही. तिनं ती तशीच धरून ठेवली. टेबलावरचे सगळे ग्लास रिकामे होते. दोन घोटांचे तर होते.

वरातीमागून घोडं म्हणतात, ते मी मुलीच्याच लग्नात नाचवलं.

वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं. त्यांचा ग्लासही रिकामाच होता.

"जन्मात घेतली नव्हती हो," त्या हळूच म्हणाल्या. "कुंदाची म्हणाली, म्हणून घेतली. आवळ्यासारखं झालंय तोंड." मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी नुसतं कुंदाची आहे म्हणाला असतात, तर तिच्या पानाशेजारी मीच ठेवली असती."

ऋचा माझ्या खुर्चीपाशी येऊन बसली होती, साडीसकट जमिनीवर. रिकामी बाटली तिच्या मांडीत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं रस पिऊन टाकला, कारण तिनं तो माझ्यासाठी आणला होता.