चौथी टिपरी

आमच्या घराला भडगावच्या फडाच्या ढोलाचा मान होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गिरणेच्या कोरड्या पात्रात कुस्त्या व्हायच्या आणि जिंकणाऱ्या गावाकडे चांदीचं कडं वर्षभर राहायचं. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात लुळा पडला, म्हणून सदतीस साली ढोल माझ्या गळ्यात आला. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आपल्यासारखा वाजवणारा पंचक्रोशीत नाही, अशी माझी समजूत होती. ती कोणी करून दिली होती देव जाणे.

निघताना नाना एवढंच म्हणाले, "अभिमन, पहिले पंचना हात, मंग तुना."

कुस्ती चालू असेपर्यंत साधा ठेका धरायचा. पंचाने हात वर केला की मगच फत्तेचा ठेका. तो वाजला की लोक फडात शिरतात, मग कोणी अडवू शकत नाही. कडं घालण्याआधी मिरवणूक मारुतीपाशी थांबते. तिथे ढोलवाला ढोलावर तीन टिपऱ्या, म्हणजे सुटे ठोके, देतो आणि पंच विचारतो, कोणाची हरकत आहे का? कोणी बोललं नाही तर चौथी टिपरी. चौथी पडली की निकाल देवाच्या साक्षीने पक्का. हरलेल्याने मात्र तोंड उघडायचं नाही, तो रडीचा डाव समजतात.

शेवटची कुस्ती आमच्या छगनची आणि एरंडोलच्या रुपचंदची. छगन माझा लहानपणापासूनचा दोस्त. गेली चार वर्षं कडं एरंडोलात होतं, त्यामुळे गावाचा जीव त्याच्यावर टांगलेला. अर्धा तास दोघं एकमेकांना हलू देईनात. मग छगनने रुपचंदला उचलून आपटला. धुळीचा लोट उठला, गाव ओरडलं आणि माझा हात सुटला. फत्तेचा ठेका!

ढोलवाला फडाच्या कडेला खाली बसतो. धूळ विरता विरता मला दिसलं: रुपचंदचा डावा खांदा मातीपासून चार बोटं वर होता, म्हणजे तो चीत झालाच नव्हता. पंच वनाआबांना धुळीतून काही दिसलं नसावं. त्यांनी ढोल ऐकला आणि हात वर केला. तोवर छगन लोकांच्या खांद्यावर होता.

मिरवणूक निघाली. मी पुढे, छगन मागे, गुलालाने रस्ता लाल झालेला. "वाजाड रे, वाजाड!" पोरं नाचत होती. माड्यांवरून बाया कौतुकाने बघत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे तो खांदा होता. बोललो तर घरचा मान जाणार, गाव तोंडात शेण घालणार आणि छगन जन्मात माझ्याशी बोलणार नाही. गप्प बसलो तर चौथी टिपरी मलाच द्यायची होती. एकदा वाटलं, मला चुकीचं दिसलं असेल. मग रुपचंदकडे पाहिलं. तो मान खाली घालून कडेने चालत होता आणि पुन्हा पुन्हा डाव्या खांद्यावरून हात फिरवत होता. चुकीचं दिसलं नव्हतं.

मारुतीपाशी सगळे थांबले. मी तीन टिपऱ्या दिल्या.

"कोनी हरकत शे का?" वनाआबांनी विचारलं.

लोक माझ्या हाताकडे बघत होते. नाना पायरीवर बसले होते, तेही बघत होते. मी हातातलं टिपरू, ढोल वाजवायची काठी, खाली केलं.

"आबा, मनी शे. रुपचंदना डावा खांदा टेकनाच नही. मी तुमना पहिले वाजाडं."

कोणीतरी माझी मानगूट धरली, कोणीतरी ढोलाचा पट्टा ओढला. "फितूर!" म्हणून ओरडलेही. तेवढ्यात छगन खांद्यावरून खाली उतरला.

"सोडा त्याले," तो म्हणाला. "मालेबी माहीत व्हतं. कोनी बोलस का, तीच वाट दखी ऱ्हायंतू मी."

मला त्याचा राग आला, खरं सांगतो. मग बोलला का नाहीस, गाढवा? पण मीही इथपर्यंत वाजवतच आलो होतो.

आबांनी सगळ्यांना नदीच्या पात्रात परत नेलं आणि कुस्ती पुन्हा लागली. ऊन उतरलं होतं. छगनने पुन्हा रुपचंदला उचलला, पुन्हा आपटला, पुन्हा धूळ. अख्खं गाव ओरडलं, "वाजाड!" हात शिवशिवत होता. मी आबांच्या हाताकडे बघत राहिलो. तो हात वर झाला नाही. रुपचंद धुळीतून सुळकन निसटला, छगनच्या पाठीवर आला आणि एका झटक्यात त्याला उलटा केला. दोन्ही खांदे मातीला लागले. मी नीट पाहिले. मग आबांचा हात वर गेला.

मी फत्तेचा ठेका धरला. रडत रडत धरला, पण एक मात्रा कमी केली नाही. या वेळी फडात गावातलं कोणी शिरलं नाही. मारुतीपाशी कोणी हरकत घेतली नाही आणि मी चौथी टिपरी दिली. पाहुणा जिंकला तर ढोलाने त्याला वेशीपर्यंत पोचवायचं असतं. कडं घातलेल्या रुपचंदला मी एकट्याने वाजवत पोचवलं. परत वळलो तर वेशीच्या चिंचेखाली छगन उभा होता, अंगावरची माती तशीच.

"ढोल आठे दे," तो म्हणाला. "तुना हात दुखत व्हई."