उसना कान

मी एक जुना घोडा आहे असे सांगायची माझी फार हौस आहे. पण मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला ओतून अजून सात वर्षेही झाली नाहीत. जुने आहेत ते माझ्या पाठीवरचे सेनापती. इंग्रज यायच्या आधीच्या एका लढाईत ते पडले. त्यांची आठवण म्हणून गोंडपिपरीच्या वाटेवरल्या एका बाजारगावाच्या चौकात, पाठीवर त्यांना घेऊन, हा कांशाचा घोडा उभा आहे.

धनी पडला म्हणून माझी मान खाली झुकवलेली आहे. त्यामुळे मला माणसांचे फक्त पाय दिसतात. पायांवरून मी गाव ओळखतो. पण ज्याला जन्मभर वाहायचे, त्याचे तोंड मात्र मी कधी पाहिलेले नाही. सेनापतींना मिशा आहेत का? ते रागावले आहेत की हसताहेत? कोणाला विचारणार? रानातले लोक नवस फेडायला येतात, मातीचे इवले इवले घोडे माझ्यापुढे मांडतात आणि मला हात जोडून परत जातात. सेनापतींकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. मला तेव्हा अगदी अवघडल्यासारखे होते.

मला घडवले बशीरभाऊंनी. ते घंटा-घुंगरे ओतणारे कारागीर. तोवर वीतभराहून मोठा घोडा त्यांच्या हातून झाला नव्हता. पुतळा समितीचे अध्यक्ष गुणवंतराव म्हणाले, "बशीर, जमन का? नाई त नागपूरहून आणतो." बशीरभाऊ ताठ्याने बोलून गेले, "जमन!" आणि मग चार महिने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आधी मेणाचा आकार, त्यावर मातीचे लेप. भट्टीत मेण वाहून गेले की त्या पोकळीत रसरशीत धातू ओतायचा. पाय वेगळे, धड वेगळे, मान वेगळी. गावाने फुटकी ताटे, चेपलेले तांबे आणून दिले. कोणाच्या घरात भांडी नेहमी वाजतात, तेही मला तेव्हाच कळले. शेवटी सगळे जुळले आणि डाव्या कानाच्या वेळी मुशीतला धातू संपला. उद्घाटन आठ दिवसांवर. बिनकानाचा घोडा! बशीरभाऊ डोक्याला हात लावून बसले.

तेवढ्यात दोन भेगाळलेले पाय दारात येऊन थांबले. त्या सुगंधाबाई होत्या. त्यांचा मुलगा लटारू सागवानाच्या गाड्या हाकायचा. आदल्या हिवाळ्यात जंगलात ओंडका घसरला आणि लटारू त्याखाली गेला. बैल तेवढे परत आले होते. बाईंनी पदरातून कांशाची घंटी काढली.

"घे बशीरभाऊ. कमी पडून राह्यलं ना?"

"बाई, हे त लटारूच्या बैलाची! एकडाव भट्टीत गळली का वापस नाई भेटत."

"मले मालूम आहे. घरी खुटीले टांगली हाये, वाजवाले कोनी नाई. तू वाजन असा कान कर."

बशीरभाऊंनी पातळ, पोकळ कान ओतला. काठीने टिचकी मारली, तर 'टण्ण' असा नाद निघाला. हुबेहूब घंटीचा!

पुढे दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी, सुगंधाबाई येत. काठीच्या टोकाने माझा डावा कान हलकेच वाजवत. आणि मग त्यांचे पाय वळत, दरवेळी जंगलाच्या रस्त्याकडे. असे का? मला कळेना. बाजार तर उलट्या बाजूला!

गेल्या साली कोणी मोठे पाहुणे यायचे ठरले. गुणवंतरावांना मी काळपट दिसू लागलो. त्यांनी रंगारी लावला. त्याने मला रुपेरी तेलरंगाचे दोन हात दिले आणि कानात पाणी साचते म्हणून डाव्या कानात लांबी, म्हणजे पुट्टी, गच्च भरली. मी आरशासारखा चमकू लागलो म्हणे. मला काय, पायच दिसतात.

बुधवारी बाई आल्या. काठी लावली. 'थप्प.' पुन्हा लावली. 'थप्प.'

"गेला," त्या पुटपुटल्या. त्या दिवशी पाय रस्त्याकडे वळले नाहीत. पुढचे दोन बुधवार ते पाय आलेच नाहीत. मित्रांनो, बोलता येत नाही याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

तिसऱ्या बुधवारी सकाळीच बशीरभाऊ छिन्नी घेऊन आले आणि कान कोरू लागले. मागून गुणवंतरावांच्या चकचकीत चपला धावत आल्या.

"परवा पाहुणे येऊन राह्यले, अन् तू पुतळा खरवडतं? वेडा झाला का?"

"रावसाहेब, बाकी सारा घोडा समितीचा. हा कान उसना आहे." बशीरभाऊंचा हात थांबला नाही. "लटारूची गाडी वळणावर आली का हेच घंटी आयकू ये. माय तवाच ताटात भात वाढे. कान बंद झाला तवापासून बाईनं चुलीवर भात नाई ठेवला. पोरगी सांगत होती शेजारची."

आता मला कळले, ते पाय रस्त्याकडे का वळत.

चपला पुढे सरकून माझ्या कानाखाली आल्या. गुणवंतराव म्हणाले, "रंगबी काढ कानाचा. चांगला वाजला पायजे. पाहुन्याले मी सांगीन."

आणि ते स्वतः सुगंधाबाईंना बोलवायला गेले.

बाई आल्या. काठी उचलली खरी, पण मारायची हिंमत होईना. शेवटी लावली.

टण्ण!

पाय वळले, रस्त्याकडे. क्षणभर थांबले. मग बाई लगबगीने म्हणाल्या, "जातो बाप्पा. चूल पेटवाची आहे."

मित्रांनो, चौकात आलात तर मी लगेच ओळखू येईन. सगळा रुपेरी, एक कान काळा. पोरे खडे मारतात त्या कानाला. तेवढे मारू नका, पातळ आहे तो. वाजवायचाच असेल तर बोटाने हळूच वाजवा, आणि वाजल्यावर एकदा त्या रस्त्याकडे बघा. माझी मान वळत नाही.