मेलेला सांता जेवायला बसतो

मिनिट चौतीस.
मी पडद्याकडे पाठ करून बसलोय. चाचणी खेळाला संकलकाने असंच बसायचं असतं. सिनेमा नाही, चेहरे बघायचे. आज बारा चेहरे आहेत. मी एकच बघतोय. आईचा.

मिनिट छत्तीस.
सिनेमा नाताळचा, विनोदी. सांताक्लॉज धुराड्यात अडकून मरतो. पाहुणे दारात, म्हणून घरचे त्याला टेबलाशी बसवतात, हातात काटा देतात. सांता म्हणजे आमचे बाबा. जन्मभर किरकोळ भूमिका. ही पहिली मोठी, तीही प्रेताची. चित्रीकरण संपल्यावर नवव्या दिवशी खरोखरच गेले.

मिनिट अडतीस.
ताई दिव्यांच्या बटणापाशी. ठरलंय: आई उठली की दिवे लागणार, प्रसंग कापला जाणार.
"बापाच्या मढ्यावर लोकांना हसवणार तू?" ताई सकाळी म्हणाली.
"बाबांना आवडला होता गं."
आवडलाच होता. म्हणाले होते, "सणाला सगळे गोड गोड बोलतात. मधे एखादा मेला तर निदान खरं बोलतील."
"मग आईलाच सांग ते."
सांगितलं नाही.

मिनिट एकोणचाळीस.
धुराड्यातून दोन बूट लोंबतात. हशा. आईने मांडीवरची पर्स उचलून छातीशी धरली.

मिनिट चाळीस.
पाहुणी बाई बाबांना विचारते, अजून वाढू? बाबांचं डोकं सूपच्या वाडग्यात. मागचा एकजण खुर्ची बडवून हसतोय. त्याचा गळा धरावासा वाटला. आणि या हशासाठी दीड सेकंद मोकळी जागा सोडली होती मीच.

आई उठली.

ताईचं बोट बटणावर.

"थांब!" आईचा हात पडद्याकडे. "पोट बघ. पोट हलतंय त्यांचं!"

मी वळलो. लाल कोटाचं तिसरं बटण वर. खाली. बाबांचा एकेक श्वास वेचून कापला होता मी. हा राहून गेला.

"मेल्याचं सोंगसुद्धा धड जमलं नाही या माणसाला!" आई पुढच्या खुर्चीची पाठ धरून हसत होती, वाकून, नाक पुसत. ताईने बोट काढलं. हात मात्र भिंतीवरच.

मिनिट बेचाळीस.
दिग्दर्शिका माझ्या कानाशी: "ती चूक आजच काढ."
"राहू दे."
"अरे, प्रेत श्वास घेतंय!"
"ए," आई अंधारातून, "मागे घे ना जरा. तेवढंच पुन्हा लाव."