नळावरची पितळी पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे, मित्रांनो. कापडाच्या कारखान्याच्या फाटकापाशी पाण्याचा नळ आहे, त्याच्या वरच्या भिंतीत मला बसवलं आहे.

माझ्यावरचा इंग्रजी मजकूर मालकांनी स्वतः सांगितला होता. त्यातलं ‘व्हाउचसेफ’ हे क्रियापद तेव्हाही जुनंपुराणं होतं. कोरणाऱ्या कारागिराला इंग्रजी येत नव्हतं. “अर्थ मला विचारू नका, अक्षर बघा,” असं तो हसून म्हणायचा. अक्षर खरोखर मोत्यासारखं आलं, आणि मी फुशारून गेले.

नळ मालकांनी दिला होता, पण त्यासाठीचा लांबलचक चर कामगारांनी सुट्टीच्या दिवशी खणला होता. कारखान्यात सूत गुंडाळणाऱ्या एका बाईला सगळे आत्या म्हणत; तिचा थोरला भाऊ त्यात सर्वांत पुढे होता. तो गेल्यानंतर आत्या मला चिंच लावून घासायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमच्या दादाचं लिहिलंय हो यात.”

एकदा तिची भाची सोबत आली. ती कॉलेजात इंग्रजी शिकत होती. मला घासता घासताच आत्या तिला म्हणाली,

“वाच की गं, तुझ्या बाबांचं काय लिहिलंय?”

भाचीने मनातल्या मनात वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

“तोंडात मूग धरलेस का? सांग.”

“आत्या, ‘मालकांनी कामगारांना हे पाणी व्हाउचसेफ केलं’ एवढंच आहे.”

“म्हणजे दिलं?”

“नुसतं दिलं नाही. राजा याचकाला दर्शन देतो ना, तसं. मोठ्या माणसाने खालच्यावर कृपा करायची, तेव्हाच हा शब्द वापरतात. मैत्रिणीने मैत्रिणीला पेन्सिल दिली तर तो शोभत नाही.”

“आणि दादाचं?”

“काही नाही गं.”

मला भिंतीत शिरावंसं वाटलं. इतकी वर्षं तिच्याच हातून चकचकीत होऊन मी तिलाच खालची म्हणत होते.

आत्याचा हात थांबला. मग तिने माझी उरलेली बाजूही पुसली. “अर्धवट बरं दिसत नाही,” एवढंच म्हणाली. त्यानंतर मला तिचा हात लागला नाही. मी काळवंडले.

मित्रांनो, शब्द कोरण्याआधी तो कोणाला खाली बसवतो ते पाहा. कोणाला काही दिलंत, तर साधं ‘दिलं’ म्हणा; आणि सोबत कोण राबलं, तेही सांगा.

आत्या अजून पाणी भरायला येते. माझ्याकडे बघत नाही. जाताना पदराने नळ मात्र पुसून जाते.